तूरडाळीवरचा खोटा आरोप

मध्यरात्री पायाचा अंगठा मुळाशी सुजतो, लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. रक्ताच्या अहवालात युरिक अ‍ॅसिड वाढलेले दिसते आणि घरातून तूरडाळ, पालक हद्दपार होतात. गाऊट नावाचा हा सांध्यांचा आजार जिभेच्या चोचल्यांतून येतो, तेव्हा तोंड आवरले की तो जाईल, असे यामागचे गणित. ते चुकते, कारण त्यात खरा आरोपीच धरलेला नाही. ठणका उठतो तो सांध्यात साचलेल्या युरिक अ‍ॅसिडच्या सोडियम क्षाराच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. शरीराच्या तापमानाला दर डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत हा क्षार विरघळलेला राहतो. पातळी दीर्घकाळ त्यावर राहिली की स्फटिक धरू लागतात. १९६१ साली मॅकार्टी आणि हॉलंडर या संशोधकांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णांच्या सांध्यातल्या द्रवात ते दाखवले. पुढे प्रयोगशाळेत बनवलेले स्फटिक सांध्यात टोचताच तसाच दाह उसळला, तेव्हा कार्यकारणभावाची शंका उरली नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की युरिक अ‍ॅसिड वाढूनही कित्येकांना गाऊट होत नाही, आणि ऐन झटक्यात काहींचा अहवाल नॉर्मल येतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या स्फटिकांची बाजू बळकट करतात. वाढलेली पातळी ही स्फटिक बनण्याची पूर्वअट आहे, हमी नव्हे. झटक्याच्या वेळी ती तात्पुरती उतरू शकते, स्फटिक मात्र जागेवरच असतात. म्हणूनच नुसता आकडा पाहून, त्रास नसलेल्या माणसाला सहसा गोळ्या सुरू करत नाहीत.

दुसरा आक्षेप आहाराचा. बिअर, मटण, कलेजी, मासळी यांनी धोका वाढतो, हे मान्यच. पण युरिक अ‍ॅसिडचा मोठा वाटा शरीर स्वतःच घडवते आणि ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. हा निचरा कमी पडण्यात आनुवंशिकतेचा मोठा हात असतो. डाळ-पालकाचे म्हणाल, तर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात सत्तेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेतला होता. मांस आणि मासळीने धोका वाढलेला दिसला, प्युरीनयुक्त (ज्यापासून युरिक अ‍ॅसिड बनते ते) भाज्या आणि कडधान्यांनी नाही. म्हणजे ताटातून पहिली हकालपट्टी झाली ती निर्दोषांची.

मग करायचे काय? पातळी ६ मिलिग्रॅमच्या खाली आणून तिथेच टिकवली, तर साचलेले स्फटिक महिनोन्‌महिने हळूहळू विरघळतात. अ‍ॅलोप्युरिनॉलसारखी औषधे यासाठीच आहेत. ‘गोळी सुरू केली आणि उलट झटकाच आला’ ही तक्रार खोटी नाही: सुटू लागलेले स्फटिकही सुरुवातीला दाह पेटवतात. म्हणून मात्रा कमीपासून वाढवतात आणि पहिले काही महिने कोल्चिसिनसारखे दाहशामक जोडीला देतात. नेमक्या याच टप्प्यावर गोळी सोडणारा रुग्ण औषधाला दोष देतो आणि पुन्हा पथ्याकडे वळतो. दारू आवरावी, वजन उतरवावे; पण पथ्य ही औषधाची जोड आहे, पर्याय नव्हे. वारंवार झटके येणाऱ्याने डॉक्टरांना ‘काय खाऊ नको?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘माझी पातळी सहाच्या खाली किती दिवसांत येईल आणि ती टिकवायची कशी?’ हेही विचारावे.