सॉफ्टवेअरचा खर्च कमी करा, पण योग्य जागी

पतसंस्थेचे संचालक, शाळेचे मुख्याध्यापक, वाचनालयाचे कार्यवाह आणि धंद्यासाठी सॉफ्टवेअर करून घेणारे सगळे छोटे व्यावसायिक, तुम्हा सर्वांना एक कळकळीची विनंती आहे. तीन कोटेशनं मागवून त्यातलं सर्वांत स्वस्त निवडलं की पैसे वाचले, असं समजू नका. सॉफ्टवेअरचा मोठा खर्च कोटेशनमध्ये दिसतच नाही. तो मागाहून येतो : बदलांच्या बिलात, वार्षिक देखभालीत आणि व्हेंडर सोडायची वेळ आली की सर्वांत जास्त. तो आवरायचा तर काम सुरू होण्याआधीच.

पहिली कात्री मागण्यांच्या यादीला लावा. प्रत्येक मागणीसमोर लिहा : हे रोज कोण वापरणार? हे नसलं तर कोणतं काम अडेल? ज्या मागणीला उत्तर नाही ती पुढच्या वर्षावर टाका. पतसंस्थेचं सभासद, ठेवी, कर्ज, वसुली आणि रोजकीर्द एवढं आधी चोख चालू द्या, मोबाइल ॲपचं नंतर बघता येईल. आणि जो कारकून दिवसभर त्या स्क्रीनसमोर बसणार आहे, त्याला पहिल्याच बैठकीला बोलवा. कागदावरचा रकाना खोडायला पैसे लागत नाहीत. पण हजारो नोंदी भरल्यावर तोच रकाना बदलायचा तर हिशेब, अहवाल आणि जुन्या नोंदी, सगळ्यांना हात लावावा लागतो.

मग तयार काही मिळतं का ते पाहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने १९९९ साली स्वतःच्या ग्रंथालयांसाठी ‘कोहा’ ही प्रणाली करून घेतली आणि ती सर्वांना मोफत खुली केली. आज जगभरातली ग्रंथालयं ती वापरतात, भारतातलीही. तिला लायसन्स फी नाही. मांडणी, प्रशिक्षण आणि सर्व्हर यांचा खर्च मात्र धरावा लागतो. तरीही देवघेवीचं सॉफ्टवेअर शून्यापासून लिहून घेण्याचं कारण बहुतेक वाचनालयांना उरत नाही.

मराठीतून काम करणाऱ्यांनी दोन गोष्टींकडे खास लक्ष द्यावं. एक, सगळा मजकूर युनिकोडमध्येच साठवा, अशी अट करारात घाला. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये भरलेली नावं दुसरीकडे नेली की नुसती विचित्र चिन्हं दिसतात, मग रूपांतर आणि तपासणीचे पैसे वेगळे. दुसरी गोष्ट एसएमएसची. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७० आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं मोजलं जातं. संदेश त्याहून लांबला की ६७-६७चे तुकडे पडतात. १४० चिन्हांच्या संदेशाला तीन एसएमएसचे पैसे पडतात. मराठी सोडू नका, संदेश आखूड करा. खर्च तिसऱ्या हिश्श्यावर येईल.

सर्व्हर तासावर भाड्याने घेतला असेल, तर चाचणीचा सर्व्हर रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायला सांगा. आठवड्याच्या १६८ तासांपैकी पन्नासच तास तो लागत असेल, तर बाकीच्या ११८ तासांचं भाडं कशाला भरायचं?

आता सर्वांत महत्त्वाचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, बाहेरच्या व्यावसायिकाला पैसे देऊन लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमचे हक्क सहसा लिहिणाऱ्याकडेच राहतात. ते तुमच्याकडे हवे असतील तर लेखी हस्तांतर लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचं धरलं जातं. म्हणून सोर्स कोड, सर्व डेटा आणि पासवर्ड संस्थेच्या ताब्यात राहतील, डोमेन संस्थेच्या नावावर असेल, हे आधीच लिहून घ्या. हे हातात नसलं की देखभालीचा दर समोरचा ठरवेल आणि तुम्हाला मान्य करावा लागेल.

काही ठिकाणी मात्र हात आखडू नका. चाचणी, बॅकअप आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण यांतून वाचवलेला पैसा पहिल्याच गोंधळात दुपटीने जातो. काम लांबलं म्हणून जास्त माणसं लावायचा आग्रहही धरू नका. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलं आहे की, रखडलेल्या सॉफ्टवेअरवर नवी माणसं घातली की ते आणखी रखडतं. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. त्यापेक्षा काम कमी करा.

डेव्हलपरच्या दरात घासाघीस करून वाचतं ते थोडं. नको ते काम न करून आणि आपली मालकी राखून वाचतं ते कितीतरी जास्त, आणि दरवर्षी वाचतं. तेव्हा कार्यकारिणीच्या येत्या सभेत तीन कागद टेबलावर ठेवा : मागण्यांची यादी, व्हेंडरशी झालेला करार आणि गेल्या वर्षीची सॉफ्टवेअरची बिलं. तिन्ही एकत्र वाचा आणि पुढचं कोटेशन त्यानंतरच मागवा. हा पैसा सभासदांचा, पालकांचा, वाचकांचा आहे. त्याचा हिशेब देण्याची जबाबदारी आपली आहे.