डाय भंगारात देण्यापूर्वी

27 मार्च 2025 रोजी संरक्षण मंत्रालयाने सुमारे पाच हजार हलक्या वाहनांचे करार केले. त्यांतल्या 2,978 गुरखा आकुर्डीच्या फोर्स मोटर्सकडून जायच्या आहेत. थेरगाव-काळेवाडीपासून भोसरी-चाकणपर्यंत सुटे भाग करणाऱ्या आपल्या मंडळींना या बातमीचा आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा. पण लढाईत बहुतेक भार वाहतात त्या ताफ्यातल्या जुन्या गाड्या, आणि त्यांच्या सुट्या भागांवरून आपले लक्ष उडत चालले आहे.

कारगिल आठवा. 1999 मध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले. बोफोर्सचा 155 मिमीचा एक गोळा त्रेचाळीस किलोंच्या आसपास. शंभर-सव्वाशे गोळ्यांत पाच टनी ट्रक भरला. श्रीनगरहून द्रासचा रस्ता साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी लातून जातो. तिथे अरुंद वळणावर एक गाडी बंद पडली की मागचा सगळा ताफा खोळंबतो.

गाडी अडते तीही पुष्कळदा किरकोळ भागापायी. हबचे ऑइल सील घ्या. कडाक्याच्या थंडीत हलक्या प्रतीचे रबर ताठरते, सीलची कड शाफ्ट सोडते, तेल झिरपून ब्रेक लायनरवर जाते. पुढच्या उतारावर काय होईल, ते सांगायला नको. रबर डेपोच्या रॅकवर पडूनही कडक होत जाते, म्हणून पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि बॅच नंबर हवाच. घाईच्या डिस्पॅचमध्ये नेमका तोच शिक्का राहतो.

आता पैशांचे. बाजारातून मॉडेल बंद झाले, तरी लष्करातली गाडी पुढे कित्येक वर्षे धावते. मग चाळीस-पन्नास नगांची ऑर्डर येते, मशीन सेट करण्यातच अर्धी पाळी जाते, आणि भाव मात्र हजारांच्या लॉटचा मागितला जातो. लहान कारखानदाराने जागा अडवणारी डाय का सांभाळावी? आमचे मत स्पष्ट आहे: डाय, जिग आणि गेज जपण्याचे भाडे मोठ्या कंपन्यांनी मूळ करारातच धरावे, आणि संरक्षण खात्याने ते मान्य करावे. लढाई पेटल्यावर नवी डाय करायला घेतली, तर पहिला नग हाती येईपर्यंत महिने जातात.

तोवर एवढे तरी करू. लष्करी गाडीच्या भागाची डाय भंगारात देण्याआधी ग्राहक कंपनीला लेखी विचारा, आणि शेवटच्या रिव्हिजनचे ड्रॉइंग डायसोबतच ठेवा.