ओसरीवरून : पुन्हां आलेलें बोलावणें

२०२५ च्या ऑक्टोबरांत, दिवाळीला अवघा आठवडा उरला असतां, मडगांवच्या फातोर्डा मैदानावर आपला फुटबॉलचा संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ सालच्या आशिया चषकाचें दार आपणांस बंद झालें. त्या रात्रीं आमच्या घरीं पानें वाढलेलीं होतीं, पण दिवाणखान्यांतून उठण्यास कोणी तयार नव्हतें. "छेत्री अजून दहा वर्षांनीं तरुण असते तर हें झालें नसतें," असें आमच्या पुतण्याचें म्हणणें. तर "छेत्रींना अजून धरून ठेवलें म्हणूनच हें झालें," असें त्याच्या चिरंजीवांचें. बापलेक दोघेहि निवाड्यासाठीं आमच्याकडे पाहूं लागले. आम्हीं आमटी निवत असल्याचें निमित्त करून वेळ मारून नेली. वाचकांपाशीं मात्र अशी पळवाट काढणें बरें नव्हे.

श्री. सुनील छेत्री ह्यांच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. २००५ सालीं क्वेट्ट्यास पाकिस्तानविरुद्ध ते प्रथम देशासाठीं खेळले आणि त्याच सामन्यांत त्यांनीं गोल केला. तेथपासून २०२४ च्या ६ जूनपर्यंत, म्हणजे कलकत्त्यास कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना झाला तोंपर्यंत, १५१ सामन्यांत त्यांचे ९४ गोल झाले होते. देशासाठीं गोल करण्यांत त्या दिवशीं त्यांच्या पुढें जगांत तीनच नांवें होतीं : पोर्तुगालचे रोनाल्डो, अर्जेंटिनाचे मेस्सी व इराणचे अली दाई. ज्या संघास जगाच्या क्रमवारींत पहिल्या शंभरांत टिकण्याची मारामार, त्या संघांत राहून हें साधलें. प्रतिपक्ष दुबळे होते असें कोणी नाक मुरडून म्हणतात. प्रतिपक्ष नेमून देणें खेळाडूच्या हातीं नसतें, एवढेंच त्यांना सांगावयाचें.

ते गेल्यानंतर त्या वर्षीं संघ आणखी पांच सामने खेळला. त्यांत गोल झाले तीन, आणि त्यांतला एक तर मुंबईच्या राहुल भेके ह्या बचावाच्या खेळाडूचा! २०२४ चें अख्खें वर्ष एकहि विजय न मिळतां सरलें. त्या वेळचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ हे स्पॅनिश गृहस्थ होते. त्यांनीं जिकडे तिकडे नजर टाकली, तों आपल्या देशांतल्या मोठ्या लीगमध्यें सर्व भारतीयांत अधिक गोल करणारा मनुष्य कोण, तर चाळिशी उलटलेले छेत्रीच! त्या हंगामांत त्यांचे १४ गोल झाले. मग २०२५ च्या मार्चांत बोलावणें गेलें, आणि तें त्यांनीं स्वीकारलें. १९ मार्चला शिलाँगास मालदीवविरुद्ध आपण ३-० असे जिंकलों. भेके, गोव्याचे लिस्टन कुलासो व छेत्री असे तिघांचे गोल. छेत्रींनीं डोक्यानें मारलेला तो त्यांचा ९५ वा गोल. सोळा महिन्यांनीं विजय मिळाला, आणि देशभर आनंदीआनंद झाला. आम्हीहि टाळ्या पिटल्या, हें लपवीत नाहीं.

परंतु तो सामना मैत्रीचा होता. ज्यासाठीं बोलावणें धाडलें त्या पात्रतेच्या सामन्यांस पुढें तोंड लागलें. सहाच दिवसांनीं त्याच शिलाँगास बांगलादेशाशीं ०-० अशी बरोबरी झाली. जूनमध्यें हाँगकाँगास शेवटच्या घटकेच्या पेनल्टीवर ०-१ असा पराभव झाला. ऑक्टोबरांत सिंगापुरास १-१, आणि मग मडगांव. पात्रतेच्या ह्या सामन्यांत छेत्रींचा एकहि गोल झाला नाहीं. त्यांना दोष देण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. ते कर्णधार असतांनाहि, २०२४ च्या जानेवारींत कतारच्या आशिया चषकांत, तीन सामन्यांत आपल्या संघाचा मिळून एक गोल झाला नव्हता. त्याच मार्चांत गुवाहाटीस त्यांच्या १५० व्या सामन्यांत त्यांनीं पेनल्टीवर गोल केला, तरी अफगाणिस्तानकडून आपण १-२ हरलोंच. रोग त्यांच्या जाण्यानें झाला नाहीं, तो आधींपासूनच होता. त्यांच्या पायांनीं तो इतकीं वर्षें झांकून ठेवला, एवढेंच.

हा रोग कोणता, तें पाहूं गेल्यास लीगकडे वळावें लागतें. तेथें प्रत्येक क्लबास एका वेळीं चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवितां येत. पैसा ओतणारा धनी पहिला परदेशी कोठें लावील? जेथें गोल होतो तेथें, म्हणजे आघाडीच्या मधल्या जागीं. मग आपला मुलगा चपळ असला तर कडेला जातो, धिप्पाड असला तर बचावांत. कुलासो कडेला, छांगटे कडेला. खुद्द छेत्रीहि बंगळूरच्या क्लबांत व्हेनेझुएलाच्या मिकूला मधली जागा देऊन डाव्या कडेनें खेळत, आणि देशासाठीं मात्र मध्यें! ही किमया त्यांना साधली. ती सर्वांना साधेल असें धरून चालणें हा आळस होय. वर्षभर जी जागा मुलास कोणी देत नाहीं, तिच्यावर तो देशासाठीं एकाएकीं कसा उभा राहील?

म्हातारा गडी परत बोलावूंच नये, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. १९९० सालीं कॅमेरूनच्या राष्ट्राध्यक्षांनीं अडतीस वर्षांच्या रॉजर मिला ह्यांस परत आणविलें. इटलींतील त्या विश्वचषकांत त्यांनीं चार गोल करून संघास उपांत्यपूर्व फेरींत नेलें. पण ते सामन्याच्या आरंभीं मैदानावर नसत. इतरांनीं प्रतिपक्ष दमविल्यावर उतरत. आधार म्हणून म्हातारा घेणें निराळें आणि आढें म्हणून घेणें निराळें. कौरवांनीं भीष्मांस सेनापति केलें आणि कर्ण दहा दिवस शिबिरांत बसून राहिला. तेथें कारण मानापमानाचें होतें, हें आम्ही विसरलों नाहीं. पण सैन्याच्या दृष्टीनें दहा दिवस गेले ते गेलेच.

तेव्हां आमचा निवाडा आमच्या नातवाच्या बाजूनें आहे. मार्चांतलें तें बोलावणें जावयास नको होतें. आणि हें आम्ही ज्या खात्रीनें म्हणतों, तिला एक घरगुती कारण आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षीं आम्ही शाळेंतून निवृत्त झालों, तों सहा महिन्यांत निरोप आला कीं, दहावीच्या संस्कृतास माणूस नाहीं, आपण यावें. तो निरोप ऐकून जें सुख झालें, तें छेत्रींस झालें असेल त्याहून कमी नव्हतें. पांच वर्षें गेलों. निकाल उत्तम लागले. माणूस मात्र होता! एक तरुण शिक्षक त्या पांचहि वर्षांत आठवीकडून शब्दरूपें घोकवून घेत होता. त्याला दहावीचा वर्ग द्यावा असें चालकांस सुचलें नाहीं, आणि आम्हींहि तें सुचविलें नाहीं. निकाल घसरेल, असें आम्ही मनाशीं म्हणत असूं. अखेर त्यानें बँकेंत नोकरी धरली. पुढें गुडघ्यांनीं आम्हांस घरीं बसविलें, त्या वर्षीं शाळेनें पालकांस कळविलें कीं, मुलांनीं संस्कृताऐवजीं दुसरा विषय घ्यावा. निकाल घसरला असता तर एक वर्ष घसरला असता, दोन वर्षें घसरला असता.

नोव्हेंबरच्या आरंभीं छेत्रींनीं दुसऱ्यांदा निरोप घेतल्याचें वर्तमान आलें, आणि १८ तारखेस ढाक्यास, ते नसतांना, बांगलादेशानें आपणांस ०-१ असें हरविलें. सामना संपतांच पुतण्या उसळून म्हणाला, "पाहा अण्णा, आज छेत्री नव्हते!" आम्हीं विचारलें, "बरें, आज त्यांच्या जागीं पुढें कोण खेळला?" त्यानें मुलाकडे पाहिलें, आणि मुलगा आमच्याकडे पाहूं लागला.