राउटर जुना चालेल, दार उघडं नको

शिरूर तालुक्यातलं पाबळ म्हटलं की कुणाला मस्तानीची समाधी आठवते, तर कुणाला विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये हा आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं आणि शिकता शिकता गावाच्या उपयोगी पडायचं, ही तिथली रीत. 2002 मध्ये एमआयटीच्या साथीनं तिथं फॅब लॅबही आली. दोस्तांनो, त्याच रीतीतलं एक काम आज तुमच्यासाठी आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा करण्यासारखं.

गावातली शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था. कुठंही जा, कपाटावर धूळ खात बसलेला एक राउटर दिसेल. दिवा लुकलुकतोय, नेट चालतंय, मग त्याला हात कोण लावणार? पण या डब्याला लांबून सेटिंग बदलण्याचं एक दार असतं. त्याला म्हणतात रिमोट मॅनेजमेंट. तंत्रज्ञाला दरवेळी गाडी काढून यावं लागू नये म्हणून केलेली ही सोय. गडबड कुठं होते? दार अख्ख्या जगाला उघडं राहतं आणि किल्ली असते ‘ॲडमिन’.

2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरनं याचाच फायदा घेतला. कंपनीतून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या, एवढंच त्याचं भांडवल. तेवढ्यावर त्यानं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. पुढच्याच वर्षी, जुलै 2017 मध्ये, आपल्याकडं बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर हल्ला झाला. मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले आणि ‘पासवर्ड बदला’ असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं.

‘आमच्या पंचायतीत चोरण्यासारखं काय आहे?’ असं कुणी म्हणेल. राउटर ज्याच्या हातात, तो तुम्हाला बँकेच्या नावाखाली भलत्याच पानावर नेऊ शकतो. आणि त्याच नेटवरून लोकांचे दाखले निघतात, पैसे पाठवले जातात.

जुन्या उपकरणांची अडचण वेगळीच. टेलनेट ही 1969 मधली पद्धत; तिच्यात पासवर्ड उघडाच तारेतून जातो. 1995 मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. त्यात सगळं कुलूपबंद जातं. पण जुन्या स्विचमधलं एसएसएचही जुनंच. नवा लॅपटॉप त्या जुन्या कुलपाला नकार देतो. मग कुणीतरी वैतागून टेलनेट चालू करतं. ‘चालतंय ना!’ खरा धोका इथं आहे.

‘नवं घ्या’ हा सल्ला सोपा आहे, पण शाळेकडं पैसे कुठून येणार? म्हणून आमचं म्हणणं असं: उपकरण जुनं असलं तरी तूर्त चालेल, त्याचं दार मात्र रस्त्यावर उघडता कामा नये. वाड्याचा मोठा दरवाजा बंद ठेवून दिंडी दरवाजातून माणूस ओळखून आत घेत, तसंच करायचं. इंटरनेटच्या बाजूनं रिमोट मॅनेजमेंट बंद करा. टेलनेट बंद करा. पासवर्ड बदला. फर्मवेअरचं अपडेट मिळत असेल तर टाका. लांबून काम करणं भागच असेल, तर आधी व्हीपीएननं आतल्या एका अद्ययावत कॉम्प्युटरवर या आणि फक्त त्यालाच स्विचशी बोलू द्या. कंपनीनं अपडेट देणं थांबवलं असेल, तर ते उपकरण पुढच्या बजेटमध्ये बदलायच्या यादीत घाला.

मात्र एक अट. मुख्याध्यापकांची किंवा ग्रामसेवकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय बोटही लावायचं नाही. राउटर सेवा कंपनीचा असेल, तर तिलाही विचारा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नुसार गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी तर मदतच करत होतो’ हे तिथं ऐकलं जाईलच असं नाही.

काम झालं की काय बदललं ते कागदावर लिहा. नवा पासवर्ड पाकिटात बंद करून जबाबदार माणसाच्या हातात द्या, स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. सुट्टी संपल्यावर तुम्ही पुण्याला परत याल, राउटर तिथंच राहणार आहे. त्याची किल्ली गावाकडंच असायला हवी.