पंचाला जो नियम, तो आमदाराला

भंडाऱ्याच्या विड्यांनी एकदा एका खासदाराला अपात्र ठरवले होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तेथून निवडून आलेले चतुर्भुज विठ्ठलदास जसानी हे विड्या बनवणाऱ्या एका फर्मचे भागीदार होते. ही फर्म सैनिकांच्या कँटीनसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवत असे. त्यांच्या निवडीला आव्हान मिळाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे वाद विड्यांच्या दर्जाचा नव्हता आणि भावाचाही नव्हता. उमेदवारी अर्ज भरताना सरकारशी असलेला हा व्यवहार चालू होता का आणि त्यात उमेदवाराचा वाटा होता का, एवढेच न्यायालयाने पाहिले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्या. व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की, व्यवहार चालू होता, वाटाही होता, म्हणून जसानी अपात्र. दुसऱ्या एका उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळल्याचा मुद्दाही त्याच खटल्यात होता, त्यामुळे सगळी निवडणूकच रद्द झाली. त्यानंतरची भंडाऱ्याची पोटनिवडणूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली म्हणून महाराष्ट्राच्या लक्षात राहिली. विड्यांचा धडा मात्र विसरला गेला.

तो आज पुन्हा गिरवण्याची गरज आहे. लोकप्रतिनिधींच्या पगाराबद्दल आणि पेन्शनबद्दल लोक रागावून बोलतात. एकदाच निवडून आलेल्या माजी आमदारालाही महाराष्ट्रात दरमहा ५० हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते, हे शेतकऱ्याला आणि कंत्राटी शिक्षकाला खटकणारच. पण ही रक्कम निदान अंदाजपत्रकात छापलेली असते. सार्वजनिक पैशाची खरी गळती जिथे होते, तिथे रक्कम आमदाराच्या नावावर पडतच नाही. ती पडते पत्नीच्या, भावाच्या, मुलाच्या किंवा कालपरवा नोंदवलेल्या एखाद्या खासगी कंपनीच्या नावावर. आणि आपला कायदा त्या नावांकडे पाहतच नाही.

पूर्वी तो पाहत असे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील मूळ तरतूद व्यापक होती. उमेदवाराचा स्वतःचा, किंवा त्याच्या फायद्यासाठी, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी घेतलेल्या सरकारी कंत्राटात काहीही वाटा वा हितसंबंध असेल तर तो अपात्र, असे त्यात म्हटले होते. मालाचा पुरवठा, बांधकाम आणि सेवा हे तिन्ही तीत होते. भंडाऱ्याच्या निकालानंतर चार वर्षांनी, १९५८ मध्ये संसदेने ही भाषा बदलली. आज ती कलम ९अ मध्ये आहे. सदस्याने स्वतःच्या व्यापार-व्यवसायाच्या ओघात सरकारशी केलेला करार चालू असेल, तरच तो अपात्र. ‘वाटा’ गेला, ‘हितसंबंध’ गेला, ‘त्याच्या फायद्यासाठी दुसऱ्याने’ हेही गेले. सेवासुद्धा गेल्या. सरकार आज कारकुनापासून सुरक्षारक्षकापर्यंत आणि सफाईपासून संगणकप्रणालीपर्यंत कितीतरी गोष्टी बाहेरून सेवा म्हणून विकत घेते. हा खर्च दरवर्षी वाढतो आहे आणि अपात्रतेच्या कलमात त्याचा उल्लेखही नाही.

पळवाटा एवढ्यावर संपत नाहीत. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. त्यामुळे तिचे बहुतेक भाग आमदाराच्या घरात असले तरी करार आमदाराने केला असे होत नाही. कलमात शब्द आहे ‘संबंधित सरकार’, म्हणजे खासदारासाठी केंद्र आणि आमदारासाठी राज्य. आमदाराने केंद्राचे कंत्राट घेतले तर त्याला आडकाठी नाही. सिडको, राज्य रस्ते विकास महामंडळ, पाटबंधारे महामंडळे, महापालिका यांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व आहे. तिथली कामे ‘सरकारशी करार’ या शब्दांत सहज बसत नाहीत. शिवाय कलमाला जोडलेले स्पष्टीकरण सांगते की, सदस्याने आपल्या बाजूचे काम पूर्ण केले असेल आणि सरकारकडून बिल निघायचे तेवढे राहिले असेल, तर करार चालू आहे असे केवळ त्यामुळे मानू नये. ज्याचे बिल अडकले आहे, त्याला सत्तेत बसण्याची निकड सर्वांत जास्त असते, आणि नेमकी त्यालाच ही सूट आहे.

आता तालुक्याहून खाली उतरू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १४ वाचा. ग्रामपंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या कंत्राटात सदस्याचा ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतः किंवा भागीदारामार्फत’ वाटा किंवा हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. संसदेने गाळलेले शब्द इथे शाबूत आहेत. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात हीच भाषा आहे आणि १९४९ च्या महापालिका अधिनियमातही आहे. पंचाची पट्टी थकली तरी पद जाते. दोनपेक्षा जास्त अपत्ये असली तरी जाते. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी जाते, आणि तिथे तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ अतिक्रमण सदस्याने स्वतः केलेले नसले, घरातल्या वडीलधाऱ्यांनी केलेले असले, तरी त्याचा उपभोग घेणारा सदस्य अपात्र ठरेल. निर्णय जिल्हाधिकाऱ्याने द्यायचा आणि तो शक्यतो ६० दिवसांत.

गोव्यात एका पंचायत सदस्य महिलेच्या पतीने त्याच पंचायतीचे काम घेतले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये निकाल लागला. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी संहितेनुसार पती-पत्नीच्या मिळकतीत दोघांचा सामाईक वाटा असतो, म्हणून पतीच्या कंत्राटी उत्पन्नात पत्नीचा हितसंबंध आहेच, असे न्यायालयाने ठरवले. तिचे सदस्यत्व गेले. एका गावातले एवढेसे काम आणि त्यासाठी संहितेचा इतका बारकाईने विचार झाला, याबद्दल आम्हाला समाधानच वाटते. पण मग हीच नजर विधानसभेच्या पायरीशी येऊन का थांबते? पंचायतीच्या गटाराच्या कामात पतीचा फायदा तो पत्नीचा फायदा असेल, तर कोट्यवधींच्या रस्त्याच्या कामात पत्नीचा फायदा तो आमदार पतीचा फायदा कसा होत नाही?

खाली हा कठोर नियम नेहमी न्यायाने वापरला जातो, असेही नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला सासरचे घर सरकारी जागेवर असल्याचे कारण देऊन पदावरून काढले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला पद परत दिले आणि निवडून आलेल्या महिलेला इतक्या सहज दूर करणाऱ्या यंत्रणेला खडे बोल सुनावले. बाई सरपंच झाली हे ज्यांना रुचत नाही, त्यांच्या हाती अपात्रतेचा अर्ज हे हत्यार ठरते, हे गावोगावचे वास्तव आहे. म्हणून आमची मागणी पंचाचा जाच वाढवण्याची नाही. ज्याच्या हाती जास्त पैसा, त्याच्यावर जास्त बंधन, एवढे साधे प्रमाण आम्ही मागतो आहोत. आज ते नेमके उलटे आहे.

या उलट्या प्रमाणाचा परिणाम कुठे होतो हे पाहायचे तर मंत्रालयात जाण्याची गरज नाही. बांधकाम विभागाच्या कोणत्याही उपविभागीय कार्यालयात जावे. रस्ता अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत यावा म्हणून पत्र देणारा आमदार. प्रशासकीय मान्यतेसाठी पाठपुरावा करणारा तोच. भूमिपूजनाचा नारळ त्याचाच. आणि निविदा ज्या फर्मला मिळते तिचा चालक त्याचा मेहुणा. मग एक दिवस शाखा अभियंता मोजमाप पुस्तक घेऊन त्या रस्त्यावर उभा राहतो. खडीचा थर किती इंच, डांबर किती, हे त्याला त्या पुस्तकात लिहायचे असते. त्याची बदली कुठे होणार, त्याच्याविरुद्ध लक्षवेधी लागणार की नाही, त्याची विभागीय चौकशी मिटणार की ताणली जाणार, हे ज्याच्या शब्दावर ठरते, त्याच्या मेहुण्याचा थर तो कमी लिहील का? काही लिहितात. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत आणि त्यांच्या बदल्यांची कारणेही येत नाहीत. पावसाळ्यात तो रस्ता उखडतो तेव्हा लोक अभियंत्याला शिव्या देतात. घरचे किडूकमिडूक विकून, बँक गॅरंटी भरून निविदेत उतरणारा तालुक्यातला छोटा ठेकेदार तर केव्हाच बाजूला पडलेला असतो. त्याला कळून चुकलेले असते की, हे काम ‘कोणाचे’ आहे ते निविदा निघण्याआधीच ठरले होते.

लाच घेताना पकडण्यासाठी कायदा आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सभागृहात मत किंवा भाषण देण्यासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला संसदीय विशेषाधिकाराचे कवच मिळणार नाही, असे सांगून १९९८ चा आपलाच निकाल रद्द केला. ते फार चांगले झाले. पण आम्ही ज्या व्यवहाराबद्दल बोलतो आहोत त्यात लाच लागतच नाही. निविदा रीतसर, धनादेश रीतसर, कर भरलेला. सगळे कायदेशीर असल्यामुळेच तो व्यवहार अधिक धोक्याचा आहे.

कलम ९अ मेलेले नाही, हे दाखवणारे एक उदाहरण मराठी माणसाच्या हातून घडले. मुंबईचे माजी खासदार राम नाईक उत्तर प्रदेशचे राज्यपाल असताना, सार्वजनिक बांधकाम विभागाची रस्त्यांची कंत्राटे घेतल्याच्या कारणावरून त्यांनी निवडणूक आयोगाच्या मतानुसार २०१५ मध्ये दोन आमदारांना अपात्र ठरवले. एक बहुजन समाज पक्षाचे उमाशंकर सिंह, दुसरे भाजपचे बजरंग बहादूर सिंह. पक्ष पाहिला गेला नाही, ही बाब मोलाची. पण त्यापैकी उमाशंकर सिंह यांचे प्रकरण उच्च न्यायालयातून पुन्हा निवडणूक आयोगाकडे गेले आणि अंतिम निर्णय यायला जानेवारी २०१७ उजाडला. विधानसभेची मुदत तेव्हा संपतच आली होती. झारखंडचे मुख्यमंत्री हेमंत सोरेन यांच्या नावावरील दगडखाणीच्या पट्ट्याबाबत आयोगाचे मत ऑगस्ट २०२२ मध्ये राजभवनात पोहोचले, आणि ते काय होते हे लोकांना अधिकृतपणे सांगितले गेले नाही. सोरेन दोषी होते असे आम्ही म्हणत नाही. खाणपट्टा या कलमात बसत नाही, असा न्यायालयीन निकाल २००१ पासून आहेच. पण पंचाबद्दल दोन महिन्यांत ठरवा म्हणणारा देश मुख्यमंत्र्यांबद्दलचा कागद लिफाफ्यात ठेवतो, हे लोकशाहीला शोभत नाही.

‘आमदाराच्या नातेवाइकांनी धंदाच करू नये का?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो टाळण्यासारखा नाही. धंदा जरूर करावा. केवळ रक्ताचे नाते म्हणजे हितसंबंध नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच सांगितले आहे. विभक्त राहणारा, वीस वर्षे स्वतःच्या हिमतीवर ठेकेदारी करणारा चुलतभाऊ एका निवडणुकीने बेकार होऊ नये. बंधन हवे ते पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले, आणि ज्या कंपनीत या सर्वांचा मिळून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त वाटा आहे तिच्यावर. ते प्रमाण शोधायलाही कष्ट नाहीत. कंपनीचा खरा लाभार्थी मालक कोण, हे ठरवण्यासाठी कंपनी कायद्याखालच्या नियमांनी १० टक्क्यांची रेषा आधीच आखून ठेवली आहे. सरकारी कर्मचाऱ्याच्या घरातल्या कोणी व्यापार सुरू केला तर त्याने तो वरिष्ठांना कळवावा लागतो. मंत्र्यांसाठी केंद्राने १९६४ पासून आचारसंहिता केली आहे आणि कुटुंबीयांनी सरकारला माल वा सेवा पुरवण्याच्या धंद्यात पडू नये, असे तीत सर्वसाधारणपणे म्हटले आहे. तिला कायद्याचे बळ तेवढे नाही.

माहितीही आता अंधारात नाही. लोकप्रहरी या संस्थेच्या याचिकेवर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालानंतर उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, स्वतःच्या, पती-पत्नीच्या, अवलंबितांच्या आणि त्यांचा वाटा असलेल्या फर्म-कंपन्यांच्या सरकारी कंत्राटांचा तपशील द्यावा लागतो. पण तो वाचून करायचे काय, याचे उत्तर कायद्यात नाही. कलम ९अ ची व्याप्ती वाढवणे हे न्यायालयाने संसदेवर सोडले आणि संसदेने ते अजून हाती घेतलेले नाही. शिवाय हे शपथपत्र निवडणुकीपुरते असते. निवडून आल्यावर दुसऱ्या महिन्यात कंपनी काढली तर पुढची पाच वर्षे मतदाराला पत्ता लागत नाही.

संसदेने कलम ९अ मध्ये १९५१ चे शब्द परत आणावेत. त्यात सेवा याव्यात, सरकारी महामंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्था याव्यात, आणि राज्यपालांच्या निर्णयाला मुदत असावी. हे दिल्लीचे काम आहे. राज्यघटनेनुसार अपात्रतेची नवी कारणे संसदच ठरवू शकते. पण या सबबीआड मुंबईला लपता येणार नाही. निविदा भरणाऱ्या प्रत्येक फर्मने आपल्या मालकांपैकी कोणाचे कोणत्या विद्यमान आमदाराशी, खासदाराशी वा मंत्र्याशी जवळचे नाते आहे हे जाहीर करावे, खोटे लिहिल्यास काळ्या यादीत जावे, आणि ही माहिती निविदेच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसावी, यासाठी राज्याला एक शासननिर्णय पुरेसा आहे. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. तशी वही विधानसभेने आणि विधान परिषदेने स्वतःच्या नियमांत बदल करून सुरू करावी आणि दरवर्षी अद्ययावत ठेवावी. त्यासाठी दिल्लीला विचारावे लागत नाही. येत्या हिवाळी अधिवेशनात नागपूरला ही दुरुस्ती सहज मांडता येईल. भंडारा तिथून दीड तासाच्या वाटेवर आहे.