‘मोटर गेली’ म्हणणाऱ्या पंडितांस

ड्रायर फिरेनासा झाला की त्याच्या मागे लागू नये, मशीन एक्स्चेंजला द्यावं आणि नवं आणावं, असा उपदेश करणारे एक जाणकार आमच्या कळवणात आहेत. ‘जाणकार’ ही पदवी त्यांनी स्वतःच घेतलेली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ड्रायर बंद म्हणजे मोटर गेली. मोटर गेली म्हणजे मशीन गेलं. पार्ट मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. विजेच्या वस्तूला घरच्या माणसाने हात लावू नये. अनुभवी माणसाला आवाजावरून सगळं कळतं, मीटर लागतो तो शिकाऊ पोरांना. आणि जग कुठल्या कुठे गेलं, तुम्ही अजून स्क्रूड्रायव्हर घेऊन मशीनच्या मागे उकिडवे बसता! हे सारं ते इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणारा घरी जाऊन चांगलं मशीन विकून मोकळा होतो.

मुळात हे बोलतात कोणत्या ड्रायरबद्दल? परदेशात भाच्याकडे राहून आल्यापासून त्यांच्या डोळ्यांसमोर गरम हवेचा ड्रायर आहे. अभोण्यापासून कनाशीपर्यंत घराघरांत आहे तो सेमी ऑटोमॅटिक मशीनचा धाकटा टब. त्यात हीटर नाही, ओलावा ओळखणारा सेन्सर नाही. टब मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेतो आणि कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेर फेकतो. खाली मोटर, तिच्या शाफ्टवर ब्रेक, टबाखाली रबरी सील, वर टाइमर, झाकणाखाली स्विच आणि आत एक कॅपॅसिटर, म्हणजे आपला कंडेन्सर. वस्तू पाच-सहाच. बिघाड यांतल्या एखाद्या वस्तूत असणार, नाहीतर येणाऱ्या विजेत. एवढ्यातून दोषी शोधायचा, तर आमचे जाणकार चप्पलही न काढता दारातूनच निकाल देतात.

‘मोटर गेली’ म्हणजे नेमकं काय झालं, हे त्यांना एकदा विचारावं. वायंडिंग तुटलं? वेढे आपसांत चिकटले? बुश जाम झाला? बॉडीला करंट उतरतोय? ते म्हणतील, ‘अहो, आवाज ऐका की! नुसती हूं हूं करतेय.’ आता ही हूं हूं ऐकू.

मोटर हुंकारते आणि फिरत नाही, याचं पहिलं कारण ब्रेक. झाकण उघडलं की ब्रेक लागतो, बंद केलं की सुटतो, आणि हा निरोप खालपर्यंत पोचवते एक साधी वायर. ती ताणली, निसटली किंवा ब्रेक लायनर गंजून चिकटला की झाकण बंद असूनही ब्रेक लागलेलाच राहतो. मोटर बिचारी ब्रेकशी झगडत कण्हते. प्लग काढून, मागचं पॅनल खोलून झाकण वर-खाली करावं आणि ब्रेकचा दांडा हलतो का ते पाहावं. याला मीटरही लागत नाही, वाकायची तयारी लागते. दुसरं कारण, आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या फटीत गेलेला लहान मुलाचा मोजा. त्या मोज्यापायी मशीन भंगारात गेलं, तर तो खर्च मोटरीच्या नावावर लिहायचा का?

तिसरं कारण कॅपॅसिटर. सिंगल फेजच्या या मोटरीला सुरुवातीचा रेटा मिळतो तो दुसऱ्या वायंडिंगमधून, आणि त्या वायंडिंगला लागणारा वेगळा फेज कॅपॅसिटर देतो. तो मेला किंवा अशक्त झाला की मोटर हुंकारते, हलत नाही. अनेक मशीनमध्ये धुण्याच्या मोटरीचा आणि ड्रायरचा असे दोन कॅपॅसिटर एकाच डब्यात असतात आणि डब्यावर 10+5 अशासारखे आकडे छापलेले असतात. 5 मायक्रोफॅरडच्या जागी मीटरने 3 दाखवले की खटला निकाली. शे-दोनशे रुपयांची वस्तू बदलायची आणि कपडे टाकायचे.

चौथं कारण आमच्या तालुक्याचं खास. पुरवठा 230 व्होल्टचा, त्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 216 पर्यंत तक्रार नसावी. मळ्यातल्या घरांत, आजूबाजूचे पंप चालू असताना काय मिळतं, ते मळ्यात राहणाऱ्याला विचारा. अशा मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 180 व्होल्ट आले तर व्होल्टेज साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतं, पण जोर 61 टक्क्यांवर येतो. भिजलेली चादर टाकलेला टब तेवढ्यावर हलत नाही. रात्री पंप बंद झाले की तोच ड्रायर सुतासारखा फिरतो. मोटर दिवसा गेली आणि रात्री परत आली, असं म्हणायचं का? सॉकेटवर मीटर लावून, ड्रायर चालू करायच्या आधी आणि चालू करताना, असं दोनदा व्होल्टेज पाहिलं की उलगडा होतो. आधी 225 आणि बटण फिरवताच 170 दिसले, तर दोष मशीनच्या बाहेर, वायरिंगच्या एखाद्या सैल जोडात आहे.

व्होल्टेजचा विषय निघालाच आहे, तर एक जुना वाद उकरतो. पंपांचे ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असं शेतकऱ्यांना सांगितलं जात होतं, तेव्हा हेच जाणकार हसत होते. ‘लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो, यात वाईट काय?’ वाईट एवढंच की सगळ्यांचेच आपोआप सुरू होतात. प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, सारा भार एका क्षणी डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, येतो आणि डीपी जळते. मग आठवडाभर अंधारात बसून वीज कंपनीला शिव्या द्यायच्या. तेव्हाही मुद्दा मोजण्याचाच होता. डीपी किती केव्हीएची, तिच्यावर पंप किती एचपीचे, ही बेरीज कोणी करायलाच तयार नव्हतं. असो. तो वाद त्यांनी जिंकला, डीपी हरली.

तर ब्रेक, मोजा, कॅपॅसिटर आणि व्होल्टेज. चार वेगवेगळी दुखणी, आवाज मात्र एकच, हूं हूं. कान कितीही तयार असो, आवाजात नसलेला फरक तो कुठून ऐकणार? झिजलेला बुश कानाला कळतो, सुटलेला रबरी डँपर कळतो, हे मान्य. आवाजच एक असेल तिथे मात्र अनुभव म्हणजे अंदाज, आणि त्या अंदाजाचं बिल तुम्ही भरता.

ड्रायर अगदीच गप्प असेल तर झाकणाचा स्विच, टाइमर आणि उंदराने कुरतडलेली वायर, या तिघांची कंटिन्युइटी तपासायची. तिथे काही सापडलं नाही, तर मोटरीकडे वळायचं. तिच्या तीन वायरी सुट्या करून दोन-दोनच्या जोडीत ओहम मोजायचे. समजा 40, 60 आणि 100 आले. मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका असला की वायंडिंग तुटलेलं नाही. वेढे आपसांत चिकटले असतील तर बेरीज जुळूनही आकडे उतरतात, म्हणून त्याच मॉडेलच्या चांगल्या मोटरीशी ताडून पाहायचं. आणखी एक गोम. बऱ्याच मोटरींच्या वायंडिंगमध्ये थर्मल प्रोटेक्टर असतो. मोटर तापली की तो सर्किट तोडतो, निवली की पुन्हा जोडतो. तापलेल्या मोटरीवर मीटर ‘ओपन’ दाखवतो आणि घाईतला माणूस जिवंत मोटरीचा मृत्यूचा दाखला लिहून देतो. मोटर निवेपर्यंत चहा घ्यावा आणि मग मोजावं, हे शास्त्र आहे.

याच जाणकारांच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर बंद पडली, की ते काय करतात? रिवायंडिंगवाल्याकडे नेतात, मेगर लावून घेतात, बसवल्यावर क्लॅम्प मीटरने अँपिअर पाहतात. तिथे ‘मोटर गेली, विहीरच बदलून टाका’ असं कुणी म्हणत नाही. घरातल्या मोटरीला वेगळा कायदा का? विहिरीची मोटर थांबली की सुकणारा कांदा त्यांना दिसतो. ड्रायर थांबला की आषाढात पोरांचे ओले युनिफॉर्म पिळणारे हात मात्र त्यांचे नसतात.

उरलेल्या आक्षेपांना एकेक ओळ पुरे. पार्ट मिळत नाहीत? कंडेन्सर, सील, ब्रेक वायर, टाइमर नाशिक-मालेगावच्या दुकानांत मिळतात, फक्त ‘ड्रायरचं ते रबर द्या’ असं न म्हणता माप सांगावं लागतं. वीज धोक्याची आहे? आहेच. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, म्हणून तो आधी डिस्चार्ज करायचा. अर्थिंग तपासायचं आणि घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा. न मोजता वापरलेलं मशीन जास्त धोक्याचं. जग पुढे गेलं? मार्च 2021 पासून युरोपीय संघात कपडे धुण्याच्या मशीनचे मुख्य पार्ट, मोटरीसकट, मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं पुरवण्याचं बंधन आहे आणि आपल्या केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. जग दुरुस्तीकडे गेलं, हे मात्र शोरूममध्ये.

राहिली गरम हवा. एक लिटर पाण्याची वाफ करायला, काहीही वाया न जाता, सुमारे दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. 180 वॉटचा आपला ड्रायर पाच मिनिटं फिरला तर खर्च 0.015 युनिट. तो कपडे कोरडे करत नाही, खरं आहे, पण बहुतेक पाणी काढतो आणि उरलेलं पडवीतला वारा काढतो. आणि भाच्याच्या ड्रायरलाही मीटर चुकलेला नाही. 240 व्होल्टवर 5400 वॉटचा हीटर असेल तर त्याचा रोध 10.7 ओहमच्या आसपास हवा. तो ठीक असून गरम होत नसेल तर थर्मल फ्यूज उडालेला असू शकतो. बाहेर जाणाऱ्या नळीत कपड्यांचा तूस साचून वाट बंद झाली की आतली उष्णता वाढते आणि फ्यूज उडतो. नळी साफ न करता फ्यूज बदलला तर नवाही उडणार.

आता आमचं म्हणणं. मशीन चालू असतानाच मागच्या पाटीचा आणि कॅपॅसिटरवरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवावा. पार्ट आणायला जाताना जुना पार्ट सोबत न्यावा, शाफ्ट आणि सीलची मापं व्हर्निअरने घ्यावीत. मेकॅनिकने बिलावर पार्टच्या नावापुढे वाचन लिहावं: कॅपॅसिटर 5 चा, मिळाले 3. आयटीआयच्या वर्गात एखादा मेलेला ड्रायर ठेवावा. आणि मेगरने वायंडिंग आणि बॉडीमध्ये एक मेगाओहमही दाखवला नाही, मोटर वाळवूनही आकडा चढला नाही, नवी मोटर मशीनच्या किमतीशी स्पर्धा करू लागली, तर खुशाल मशीन टाका. टाकायला आमचा विरोध नाही. फक्त पंचनामा आधी व्हावा.

तेव्हा उद्या कोणी दारात उभं राहून ‘मोटर गेली’ म्हणालं, तर वाद घालू नका. ‘किती ओहम?’ एवढंच विचारा. आकडा आला तर पुढचं बोला, नाही आला तर चहा पाजून दुसऱ्या मेकॅनिकला फोन करा.