निबंध कुणासाठी लिहायचा?

रविवारची संध्याकाळ. सहावीतला मुलगा जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसलेला. सोमवारी बाईंना निबंध दाखवायचा आहे. विषय, 'मी पाहिलेला सूर्यास्त'.

"आई, पुढे काय लिहू?"

"अरे, तू पाहिलायस ना सूर्यास्त? जे दिसलं ते लिही."

"कुठे पाहिलाय? समोर टॉवर आहे."

आईला हसू आले, पण ती वेळ हसण्याची नव्हती. गॅसवर कुकर होता आणि सकाळच्या डब्याची तयारी व्हायची होती. शेवटी शेजारच्या ताईचे निबंधाचे जुने गाइड मदतीला धावले. तांबूस गोळा, घरट्याकडे परतणारे पक्षी, गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा नाद, असा सगळा ऐवज वहीत उतरला. ज्या मुलाने गुरे फक्त भर रस्त्यात बसकण मारून वाहने अडवताना पाहिली आहेत, त्याने गोरज वेळेचे साग्रसंगीत वर्णन केले!

गंमत अशी, की त्याच दुपारी याच मुलाने नाशिकच्या मामेभावाला मोबाइलवरून भलामोठा मजकूर पाठवला होता. सोसायटीच्या पंपाच्या खोलीत साप निघाला. वॉचमनने आधी काठी आणली, मग घाबरून ती तिथेच टाकली. दुसऱ्या मजल्यावरचे काका स्टुलावर उभे राहून सगळ्यांना सूचना देत होते आणि स्वतः मात्र खाली उतरायला तयार नव्हते. शुद्धलेखनाच्या नावाने आनंद होता, विरामचिन्ह तर औषधालाही नव्हते. पण वाचताना साप डोळ्यांपुढे उभा राहत होता, आणि स्टुलावरचे काका त्याहून जास्त.

या मुलाला लिहिता येत नाही, असे म्हणायचे कसे?

दोन्ही मजकुरांत फरक आहे तो वाचणाऱ्याचा. मामेभावाला पुढे काय झाले ते हवे होते. तो मध्येच 'मग?' असे विचारत होता. निबंधाला असा 'मग?' विचारणारे कुणी नाही. वर्गातल्या पन्नास-साठ वह्या तपासणाऱ्या बाईंना सूर्यास्तात रस असेल तरी कितव्या वहीपर्यंत राहणार? चुकलेल्या वेलांट्यांवर लाल खुणा, खाली सही, झाले. मुलांना हे बरोबर कळते. ज्याची कुणी वाट पाहत नाही ते कशाला जीव ओतून लिहायचे? गाइड त्यासाठीच असते. आणि आता तर गाइडचीही गरज उरलेली नाही. मोबाइलला विषय सांगितला की मिनिटभरात निबंध तयार होतो, तोही शुद्धलेखनासकट. तेव्हा निबंध कुणासाठी लिहायचा, हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जास्त टोचणारा आहे.

शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शिक्षकालाही हाच प्रश्न पडला होता. त्याचे नाव सेलेस्तें फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली. १९२० मध्ये तो दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या बार-स्यूर-लू या गावी शाळेत रुजू झाला, पण त्याला फार वेळ बोलवत नसे. तासन्‌तास शिकवणे शक्य नव्हते, म्हणून तो मुलांना घेऊन गावात, शेतात फिरायला जाई. परत आल्यावर मुले पाहिलेल्या गोष्टी धडाधड सांगत आणि त्या फळ्यावर उतरत. मग पुस्तक उघडले जाई आणि वर्ग पुन्हा मलूल होई.

१९२४ मध्ये त्याने हाताने चालणारे एक छोटे छपाई यंत्र वर्गात आणले. मुलांनी लिहिलेल्या मजकुरांतून वर्ग एक मजकूर निवडायचा, सगळ्यांनी मिळून तो नीटनेटका करायचा आणि मग मुलांनीच शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे. जुन्या काळच्या छापखान्यात कंपोझिटरला काम करताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे, की हे काम किती चिकाटीचे. प्रत्येक अक्षर बोटांनी उचलून बसवावे लागते. फालतू शब्द आपोआप गळतात, कारण तो जुळवायचा कुणी? आणि चूक राहिली तर ती एका वहीत दडून राहत नाही, छापलेल्या प्रत्येक पानावर उमटते. शुद्धलेखनाचा धाक दाखवायला मग वेगळी छडी लागत नाही.

पण नुसते छापून भागत नाही. छापले ते वाचणार कोण? फ्रान्सच्या पार दुसऱ्या टोकाला, अटलांटिकच्या काठी ट्रेगंक नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत रने दानिएल हे शिक्षक होते. दोन्ही वर्गांनी आपापली छापील पाने एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. जोडीला पत्रे आणि गावच्या वस्तूंची पार्सले. डोंगरातल्या मुलांना जे रोजचे, ते समुद्रकाठच्या मुलांना अपरिचित, आणि उलटही तसेच. त्यामुळे नीट उलगडून लिहिणे भागच होते. 'निसर्गाचे मनोहारी दृश्य' असल्या शब्दांनी पलीकडच्या मुलाचे समाधान होणार नव्हते. त्याला हवे होते ते झाड केवढे, फळ केव्हा उतरवतात आणि त्याची चव कशी.

ही गोष्ट इथेच संपली असती तर फार गोड झाली असती. तशी ती संपली नाही. फ्रेने पुढे साँ-पॉल या गावच्या शाळेत आला. तिथल्या एका मुलाने आपले स्वप्न लिहून काढले. शाळेचे साहित्य फुकट द्यायला नकार देणाऱ्या मेयरविरुद्ध सगळा वर्ग बंड करून उठतो आणि त्याच्यावर धावून जातो, असे ते स्वप्न. वर्गाच्या पानांत ते छापले गेले. १९३२ च्या डिसेंबरात हाच मजकूर गावातल्या भिंतींवर पोस्टर म्हणून झळकला. शिक्षक मुलांना बिघडवतो, याचा पुरावा म्हणून विरोधकांनीच तो चिकटवला होता. प्रकरण पेटले आणि १९३३ मध्ये फ्रेनेची त्या शाळेतून उचलबांगडी झाली. पुढे त्याने पत्नी एलीझच्या साथीने व्हाँस या गावी स्वतःची शाळा काढली.

खरे लिहायला सांगितले की मुले खरे लिहितात. आपल्याकडच्या घरांतही हेच अवघड जाते. सूर्यास्त बिनधोक असतो, घर नसते. 'माझे घर' या विषयावर एखादी मुलगी, बाबा रात्री ओरडतात तेव्हा मी पांघरुणात डोके घालते, असे लिहिते. आई ते वाचते आणि तिच्या पोटात गोळा येतो. पहिला विचार येतो तो, बाई काय म्हणतील? पान फाटते आणि गाइडमधले 'माझे सुंदर घरकुल' वहीत येते. त्या क्षणी मुलगी एक धडा शिकते, की लिहायचे ते दाखवण्यापुरते. तो धडा ती कधी विसरत नाही.

म्हणून घरातले सगळे चव्हाट्यावर मांडावे असे मुळीच नाही. तो कागद बाहेर जावा की नाही, हे मुलीला विचारून, तिच्याशी बोलून ठरवता येते. पण आईने आधी तो वाचला पाहिजे, आणि वाचला हे मुलीला कळले पाहिजे. ओरडणाऱ्या बाबांनीही वाचला तर अधिकच बरे.

फ्रेनेचे बोट धरून चालणारे पुढे इटलीतही निघाले. मारियो लोदी हे त्यांपैकी एक शिक्षक. त्यांच्या शाळेतल्या मुलांशी १९६३ मध्ये पत्रव्यवहार सुरू केला तो फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना येथे धर्मगुरू लोरेन्झो मिलानी चालवत असलेल्या शाळेने. तिथे येणारी बरीच मुले गरीब शेतकऱ्यांची होती आणि सरकारी शाळेने नापास करून घालवून दिलेली होती. सगळ्यांनी मिळून पत्र कसे लिहायचे, हे या देवाणघेवाणीतून त्यांच्या हाताला लागले. सुचलेला मुद्दा चिठ्ठीवर लिहायचा, एका चिठ्ठीवर एकच. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून त्यांचे गठ्ठे करायचे. प्रत्येक गठ्ठ्याचे एक प्रकरण. मग नको असलेला शब्द न् शब्द काढायचा. शेवटी बाहेरच्या माणसांना बोलावून वाचून दाखवायचे, ती फारशी शिकलेली नसली तर उत्तमच. त्यांना जे कळणार नाही ते बदलायचे. नापास ठरलेल्या अशा आठ मुलांनी लिहिलेले शिक्षिकेला पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि अनेक भाषांत गेले. मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने वाचायला मिळते.

आपल्याकडे हे अगदीच परके नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत आणि मुले त्याची वाट पाहत. तिथे गुरुजी स्वतः लिहीत, हे महत्त्वाचे. मुलांनी लिहावे म्हणून मागे लागणाऱ्या किती घरांत मोठी माणसे वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिताना दिसतात? भोपाळहून १९८५ पासून निघणाऱ्या 'चकमक' या हिंदी मासिकात 'मेरा पन्ना' हे सदर मुलांच्याच लिखाणाचे असते. शाळेतले हस्तलिखित आणि भित्तिपत्रक तर अनेक वाचकांनी स्वतः केलेले असेल. मात्र बऱ्याच ठिकाणी त्यात फक्त सुवाच्य अक्षराच्या मुलांची वर्णी लागते आणि बाईंनी सांगितलेली थोरांची चरित्रे उतरवली जातात. मग तेही गाइडच झाले, फक्त रंगीत पेनांनी लिहिलेले.

इंदूर, बडोदे, हैदराबाद इथल्या मराठी घरांत तर आणखी एक अडचण असते. मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत लिहितात दुसऱ्याच भाषेत. तिथे गावाकडच्या आजीला पाठवलेले पत्र हेच मुलाचे एकमेव मराठी लेखन ठरू शकते. आजीने मात्र उत्तर धाडले पाहिजे, आणि उत्तरात एक तरी प्रश्न विचारला पाहिजे. 'पत्र मिळाले, अभ्यास कर' एवढेच लिहिले तर दुसरे पत्र येण्याची आशा नको!

आणि चुका? त्या दुरुस्त कराव्यात, पण केव्हा ते पाहावे. मूल कागद पुढे करते तेव्हा पहिली नजर ऱ्हस्व-दीर्घावर गेली, तर ते पुढच्या वेळी सोपे शब्दच वापरते, म्हणजे चुकायला नको. आधी मजकुराबद्दल विचारावे. कागद दुसऱ्याच्या हाती जायच्या आधी बसून वेलांट्या पाहाव्यात. पाहुणे यायचे म्हटले की घर आवरायला मुलेही कुरकूर करत नाहीत, तसेच हे.

त्या सहावीतल्या मुलाच्या आईने सूर्यास्ताचा निबंध जाऊ दिला. त्याला दहापैकी सहा गुण मिळाले. पण सापाची हकिकत तिने त्याच्याकडून कागदावर उतरवून घेतली. दोघांनी मिळून पूर्णविराम घातले, काकांचे नाव काढून 'एक रहिवासी' असे केले आणि सेक्रेटरींना विचारून कागद जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर लावला. पाण्याच्या वेळा आणि थकबाकीदारांची यादी यांच्यामध्ये 'आमच्या सोसायटीतला नाग' झळकू लागला. लिफ्टची वाट पाहणारे थांबून वाचू लागले. स्टुलावरच्या काकांनीही वाचला आणि ते मोठ्याने हसले.

तिसऱ्या दिवशी कागदाच्या तळाशी पेन्सिलने लिहिलेली एक ओळ दिसली. अक्षर तळमजल्यावरच्या कोकणातल्या आजोबांचे. 'नाग कशावरून? फणा कुणी पाहिला का? धामण असावी.'

मुलगा दप्तर पाठीवरून न उतरवताच वॉचमनला गाठायला धावला.